मोजणीदाराचा फोन

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे. भूत म्हटलं की लोकांना रात्र लागते, स्मशान लागतं. इथे तसलं काही नव्हतं.

मंगळवार. सकाळचे साडेअकरा. सैन्याच्या ऑफिसातली, खिडकी नसलेली एक खोली.

मावशी तिथे कॉम्प्युटरवर लढाया चालवायची. किती सैनिक, कुठला रस्ता, नदी किती खोल, असे आकडे भरायचे. पडद्यावर निळे ठिपके निघायचे. ठिपका विझला, की तो माणूस मेला असं धरायचं. ते बघून साहेब ठरवणार, खरी तुकडी कुठून न्यायची.

साहेबांनी आयुष्यात गुडघाभर पाण्यात पाय घातला नव्हता. पण नदी कुठून ओलांडायची, ते आधीच ठरवून बसले होते. वरच्यांना तसा शब्दही देऊन बसले होते.

नदी सात फूट खोल.

दोनशे ठिपक्यांतले साठ विझले.

"चार फूट करा," साहेब म्हणाले.

"सर, मोजणीत सात आहे."

"मोजणी म्हणजे काय काळ्या दगडावरची रेघ? करा चार."

मावशीने चार केले. सगळे ठिपके पार. साहेब स्वतःचीच पाठ थोपटत चहाला गेले.

मावशी एकटी उरली.

आणि... टेबलावरचा फोन वाजला.

पलीकडून आधी नुसतीच घरघर. घशात पाणी गेलेला माणूस बोलू पाहतो ना... तशी.

"बाई, सात आहे."

"कोण बोलतंय?"

"मोजणीदार. सात फूट आहे. मी उभा राहून मोजलंय."

उभा राहून? सात फुटांत?

फोन बंद.

मावशी धावत साहेबांकडे गेली. साहेब हसले.

"तो मोजणीदार? गेल्या वर्षी त्याच नदीत बुडाला. अजून सापडलेला नाही. कोणीतरी चेष्टा केली तुमची. आणि एवढी भीती वाटत असेल, तर घरी बसून शिवणक्लास काढा."

मावशी परत आली. चार फुटांचाच कागद छापला. खाली सही केली. नोकरी प्यारी, दुसरं काय.

पंधरा दिवसांनी तुकडी नदीत उतरली.

चौसष्ट जण गेले. कॉम्प्युटरने साठ सांगितले होते.

साहेबांनी शोकसभेत लांबलचक भाषण ठोकलं. महिन्याभरात बढतीही घेतली.

मग चौकशी. बंद खोलीत चौकशी अधिकारी आणि मावशी, दोघंच.

"आकडा चुकीचा आहे, असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?"

मावशी म्हणाली, "नाही."

तेवढ्यात... तिच्या मागे कोणीतरी खोकलं.

मागे तर भिंत होती.

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. त्यांनी तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. बराच वेळ. मग फाइल मिटली आणि दार उघडं टाकून निघून गेले.

मावशी मागे वळलीच नाही. सरळ घरी आली.

"तो तिथेच राहिला, की माझ्याबरोबर निघाला," ती मला म्हणाली, "हे मला अजून कळलेलं नाही."