मुठीचं बिल

"सुटं एक बटण मिळणार नाही," मी मान वर न करताच म्हणाले. "आम्ही फक्त कंपन्यांना देतो. घाऊक."

"पण मला बटण नकोय..."

तेव्हा कुठे मी वर पाहिलं. जिन्याच्या दारात एक उंच मुलगा उभा. खांद्याला लॅपटॉपची बॅग, केसांवर पावसाचे थेंब, आणि शर्टाचं वरून दुसरं बटण — गायब! बटणांच्या दुकानात असा शर्ट घालून येणारा माणूस एक तर फार धीट असतो, नाहीतर फार वेंधळा.

"मी सॉफ्टवेअर कंपनीकडून आलोय. तुमच्या ई-इन्व्हॉइससाठी."

माझे कान तापले. मीच तर फोन करून बोलावलं होतं त्याला! एका कंपनीने दुसरीला द्यायचं प्रत्येक बिल पुढच्या महिन्यापासून ऑनलाइनच पाठवायचं, असा नियम आला होता. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे कोट शिवणारी कंपनी. कागदाचं बिल आता घेणार नाही, असं त्यांनी स्पष्टच कळवलं होतं. ते गिऱ्हाईक तुटलं असतं, तर बाबांना दुकानाला कुलूपच लावावं लागलं असतं.

बाबांना मात्र हे सगळं थोतांड वाटत होतं. तो आल्या आल्या त्यांनी त्याचं बारसं करून टाकलं.

"बोला कॉम्प्युटरराव, काय माहिती हवीय?"

"काका, बटणं कशी विकता? नगावर की किलोवर?"

"मुठीवर."

तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं, की बाबा हसत नाहीयेत.

"मूठ... असं माप सिस्टीममध्ये नाही हो, काका."

"तुझ्या सिस्टीमला हात नाहीत, त्याला मी काय करू?"

झालं! घोडं तिथेच अडलं. नग किंवा किलो लिहिल्याशिवाय बिल पुढे सरकेना, आणि बाबा मूठ सोडेनात. शेवटी त्याने बाबांची मूठच मोजायची ठरवली. बाबा बरणीत हात घालायचे, मूठभर बटणं टेबलावर ओतायचे, आणि आम्ही दोघं समोरासमोर मोजत बसायचो. शिंपल्यांची, लाकडी, पितळी... बटणं त्याच्या बोटांकडून माझ्या बोटांकडे सरकायची. कधी कधी बोटंही... आणि मग आकडा विसरायचा.

"कितीवर होतो आपण?"

"तुम्ही मोजत होतात ना?"

"मी तुमच्याकडे बघत होतो," तो बोलून गेला, आणि लगेच सावरला, "म्हणजे... तुम्ही मोजताय का, ते बघत होतो."

"मोजा परत पहिल्यापासून!" मी लटक्या रागाने म्हणाले. खरं तर मला दिवसभर मोजत बसायला आवडलं असतं.

एकदा तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "काकांची मूठ एकसारखी नाहीच. या कंपनीला केवढी, आणि त्या कंपनीला केवढीशी!"

"अहो, ती त्यांच्या मर्जीवर असते. आवडत्या गिऱ्हाइकाला भरगच्च, भांडकुदळाला चिमूटभर."

"आणि मला?"

"पहिल्या दिवशी तुम्हाला दाखवायला काढली होती, ती पाहिलीत ना? चहाच्या चमच्यात मावली असती."

त्याचा चेहराच पडला. मला इतकं हसू आलं, आणि इतकी मायाही वाटली, की मी उगाचच उठून पाणी प्यायले.

या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने लॅपटॉप उघडलाच नाही. बाबांच्या शेजारी स्टूल ओढून बसला.

"काका, बिल शेकड्यावर करू. शंभर म्हणजे शंभर नग. पण खोकं बंद करायच्या आधी वरून तुमची एक मूठ टाका. ती भेट. ती कुणी मोजायची नाही."

बाबांनी आपला पंजा उघडून पाहिला. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं होतं, आता माझ्या हाताला कामच उरणार नाही."

बाबा असं कधी बोलत नाहीत. मला भरून आलं. आणि त्याच वेळी कळून चुकलं, की मी या माणसाच्या प्रेमात पडलेय. पुरती!

पण बिल गेलं, की हाही जाणार. बाबांसाठी ते लवकर जायला हवं होतं. आणि माझ्यासाठी... कधीच जायला नको होतं.

शेवटी चाचणीचा दिवस उजाडला. बाबांनी एका बोटाने बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली. पाठोपाठ कोटवाल्या कंपनीचा फोन — "मिळालं हो बिल, अगदी व्यवस्थित!" बाबांनी कॉम्प्युटररावांच्या पाठीवर अशी थाप मारली, की बिचारा खोकायला लागला. मी टाळ्या वाजवल्या, आणि माझे डोळे चुरचुरले.

त्याने लॅपटॉपची वायर गुंडाळली. सोडली. परत गुंडाळली.

"येतो मग... काही अडलं तर फोन करा."

"नाही अडणार," मी म्हणाले. "काम अगदी चोख केलंत तुम्ही."

काय ही माझी अक्कल! तो मान डोलावून जिना उतरू लागला.

"अगं, खालपर्यंत सोडून ये त्याला," बाबा म्हणाले.

"जिना माहितीय त्याला, बाबा."

"जिना माहितीय गं. बाकीचं कुठे माहितीय?"

मी बाबांकडे बघितलं. ते अगदी निर्विकार चेहऱ्याने बरणी पुसत होते. मी चपलाही न घालता धावले.

तो खालच्या पायरीवरच उभा होता. बाहेर पाऊस भुरभुरत होता.

"छत्री नाहीये का?"

"आहे की."

"मग थांबलात का?"

"वर काकांसमोर बोलता आलं नाही..." त्याने बॅगेचा पट्टा घट्ट धरला. "मला तुम्ही आवडता. फार. काही अडणार नाही म्हणालात ना, तेव्हा इतकं वाईट वाटलं..."

"मलाही. म्हणजे... मलाही आवडता तुम्ही." माझा श्वास जागेवर नव्हता. "आवडतोस."

तो बघतच राहिला. मग कानांपर्यंत लाल होऊन हसला, आणि दुसऱ्याच क्षणी बावरला.

"पण उद्या कशासाठी येऊ? इथलं काम तर संपलं."

"म्हणूनच ये," मी म्हणाले.