प्रफुलच्या मशीनचे तीन बीप

"धनंजयभाऊ, दादा आज पुन्हा बोलला."

फोनवर रक्षाचा आवाज इतका खाली गेला होता की धनंजयने दुसऱ्या कानात बोट घातलं. पुलगावच्या स्टेशन रोडवर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि सकाळी आठला तिथे ट्रकवाल्यांचा नुसता कालवा असायचा.

"कुठून बोलून राह्यली तू?"

"चौकातल्या एसटीडीतून. पोरी पळाल्या. काजलची एक चप्पल दारातच पडली हाय. तुमी या लवकर."

रक्षाचा दादा म्हणजे प्रफुल, धनंजयचा शाळेपासूनचा दोस्त. मे महिन्यात ऊन लागलं आणि दोन दिवसांत गेला. त्याला जाऊन पाच महिने होत आले होते.

धनंजयने शटर ओढलं आणि स्कूटर नाचणगावच्या रस्त्याला लावली. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. तरी त्याने स्कूटर नेहमीपेक्षा जोरात पिटाळली.

नाचणगावातल्या घराच्या पुढच्या खोलीत प्रफुलने पोरींसाठी कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. तो गेल्यावर रक्षा तो चालवत होती. मशीन पाच. त्यातलं पाचव्या नंबरचं त्याने स्वतः जोडलेलं. मग २००२ च्या त्या पावसाळ्यात परीक्षेचं नवं सॉफ्टवेअर आलं आणि पाचातल्या एकाही मशीनची मेमरी त्याला पुरेना. निदान एक तरी धावतं मशीन हवं, म्हणून दसऱ्याच्या आठवडाभर आधी रक्षाने धनंजयला बोलावून पाच नंबरची मेमरी, म्हणजे रॅम, वाढवायला सांगितली.

त्याने १२८ एमबी रॅमची नवी पट्टी नेली आणि प्रफुलने बसवलेल्या जुन्या ६४ च्या पट्टीशेजारच्या खाचेत बसवली. स्क्रीन काळा. तीन बीप. या पट्ट्यांचं सासू-सुनांसारखं असतं. एकेकट्या गुणाच्या, एका घरात आल्या की संसार बंद. जुनी संथ चालीची, नवी वेगाची, दोघींचा मेळ बोर्डाला बसेना. मग त्याने जुनी काढून रक्षाच्या हातात दिली, रिकामी खाच ब्रशने साफ केली आणि नवी एकटीच ठेवली. मशीन सुरू झालं, स्क्रीनवर १३१०७२ हा आकडा मोजला गेला. १२८ ची मोजणी पूर्ण, म्हणजे काम फत्ते.

मग दसरा झाला आणि दुसऱ्या दिवसापासून हे सुरू झालं. सकाळी साडेसातला पहिल्यांदा बटण दाबलं की काळा स्क्रीन आणि तीन बीप. धनंजय येऊन पाहतो तोवर मशीन शहाण्यासारखं चालायचं. एकदा तर त्याने ते दुकानात नेऊन दोन दिवस चालवलं. एकदाही चुकलं नाही. घरी परत आणलं, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

एकोणीस पोरींपैकी आता आठ उरल्या होत्या. बाप आधीच गेलेला, कमावता भाऊ गेला, आणि आता क्लास गेला तर या मायलेकी खाणार काय, हा प्रश्न धनंजयला झोपू देत नव्हता.

खोलीत शिरला तेव्हा खुर्च्या वेड्यावाकड्या पडलेल्या होत्या. प्रफुलचा स्वेटर अजून खुंटीवर होता. दिवसाढवळ्या, भर उजेडात, त्या खोलीत कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं वाटत होतं.

त्याने बटण दाबलं. १३१०७२. मशीन चालू.

"पाहा," रक्षा म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "तुमी आले की चूप बसते. दादाची पट्टी मी काढून घेतली, ते त्याले पटलं नाई."

"असं कोन म्हणते?"

"पोरी. दादा लुनावर घरी आला की फाटकापाशी तीनदा हॉर्न वाजवे, साऱ्या गावाले माहीत हाय."

"बरं, मले सांग. सकाळी या खोलीत पहिलं कोन येते?"

"आई. झाडते, मशीनवर झाकलेलं कापड काढते. मग मी बटण दाबतो."

"बीप वाजल्यावर तू काय करतं?"

"पोरी पळतात. मी चौकात जातो, तुमाले फोन कराले."

"तवा घरी कोन राह्यते?"

"आईच. ती बिचारी इथंच बसून राह्यते."

"या खोलीची चाबी आनखी कोनापाशी हाय?"

"गजेंद्रपाशी होती. दादासंगं भागीत होता तवा. त्यानं परत नाई केली. परवाच विचारून राह्यला होता, मशीन विकता का म्हणून."

हा धागा चांगला जाड होता. गजेंद्रचा स्वतःचा क्लास पुलगावात होता, आणि इथल्या पळालेल्या अकरापैकी सहा पोरी त्याच्याकडे गेल्या होत्या. धनंजयने तिथूनच स्कूटर वळवली.

गजेंद्र क्लासच्या दारातच चहा पीत होता, आत पोरं की-बोर्ड बडवत होती. "काऊन, भूत पकडून राह्यला काय?"

"नाचणगावच्या खोलीची चाबी कुठं हाय?"

गजेंद्रने आतून चाबी आणून त्याच्या तळहातावर ठेवली. ती गंजून लाल झाली होती.

"प्रफुल असतानाच त्यानं कुलूप बदललं, रक्षाच्या ध्यानात नसन. ही कायले लागते? आन सकाळी सात ते दहा माया क्लास असते. तीस पोरं हायत, विचार कोनालेही." मग तो आवाज उतरवून म्हणाला, "मशीन मी मागतले, खोटं नाई बोलत. पन मेलेल्या दोस्ताच्या नावानं त्याच्याच मायले भेव दाखवीन, इतका मी नीच नाई."

धनंजयला ते पटलं, आणि पटलं याचंच वाईट वाटलं. गजेंद्र चोर निघाला असता तर सगळंच सोपं होतं.

तो परत नाचणगावला आला. मशीन बंद करून बाजूचं झाकण खोलायला स्क्रू-ड्रायव्हर काढला, पण त्याची गरजच पडली नाही. दोन्ही स्क्रू बोटांनी फिरले. त्याने स्वतः ते कचकचून आवळले होते.

आत नवी पट्टी जागेवर होती. शेजारची खाच रिकामी. पण त्या खाचेत बारीक, लाल भुकटी होती.

"रगत," मागून रक्षा पुटपुटली.

धनंजयने बोट लावलं आणि नाकाशी नेलं. कुंकवाचा वास होता.

"रक्षा, यंदा दसऱ्याले मशीनची पूजा केली का?"

"घरात वर्षभर सण नाई ना, भाऊ. मीच आईले नाई म्हनलं."

"आन प्रफुल असताना?"

"तो तर झाकण खोलून करे. पट्टी काढून आईच्या हातात दे. ती हळद-कुंकू लावे, मग तो म्हणे, आता तुयाच हातानं बसव. दरसालचं ठरलेलं होतं."

"ती जुनी पट्टी तू कोनाले देली?"

रक्षाने आतल्या दाराकडे पाहिलं. दारात तिची आई, मंदाबाई, उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या, कोण जाणे.

"काकू," धनंजय म्हणाला, "पट्टी आना बरं जरा."

मंदाबाई देवघरातून पट्टी घेऊन आल्या. तिच्यावर हळद-कुंकवाचं ताजं बोट होतं. धनंजयने ती उजेडात धरली. खालचे सोनेरी दात चकचकीत होते, त्यांवर नव्या ओरखड्यांच्या बारीक रेघा होत्या.

"पंधरा-वीस दिवस नुसती देवघरात पडली असती तर हे दात असे चमकले नसते," तो रक्षाला म्हणाला. "ही रोज खाचेत जाते आन रोज निघते. सकाळी झाडायच्या येळेस काकू झाकण खोलून ही नवीच्या बाजूले बसवतात. दोघी संगं असल्या की बोर्ड अडते आन तीन बीप देते. पहिल्या दिवशी मायासमोरच देले होते. मग तू चौकात गेली की काकू ही काढून ठेवतात. मी येतो तवा मशीन चांगलं. दुकानात काकू नव्हत्या, म्हनून तिथं एकदाही वाजलं नाई. त्यायले कोनाले भेवडायचं नव्हतं, रक्षा."

मंदाबाईंनी त्याच्या हातातून पट्टी परत घेतली.

"दसऱ्याले मी चोरून पूजा केली," मंदाबाई म्हणाल्या. "सण नाई, पन त्याची वस्तू तशीच कशी ठेवू? कुंकू लावलं, बसवली, काढली नाई. दुसऱ्या दिवशी तू बटण दाबलं आन तो वाजला. फाटकापाशी वाजे तसाच, तीनदा. मले वाटलं, आला. मग रोज सकाळी..." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "मले समजे, बापा. मशीन हाय, समजे मले. तरी बसवत होती."

धनंजयला वाटलं होतं, रक्षा आता चिडेल. क्लासचं, पोरींचं, तिच्या उडालेल्या झोपेचं काहीतरी बोलेल.

रक्षा म्हणाली, "इतके दिवस तो माया अंगावर रागावला असं समजून मी रडून राह्यली होती. तुले तो भेटाले येत होता. मले काऊन नाई सांगतलं, आई? तो माया बी भाऊ होता."

मंदाबाईंनी लेकीकडे पाहिलं. पाच महिन्यांत त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलंच नसावं. त्या जवळ गेल्या, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि दोघी रडल्या. धनंजय तोंड फिरवून झाकणाचे स्क्रू आवळत बसला. एकाच स्क्रूला त्याने फार वेळ लावला.

दुपारी ऊन उतरल्यावर मंदाबाईंनी लुगडं बदललं.

"कुठं चालली?" रक्षाने विचारलं.

"पोरीयच्या घरी. तू सांगून कोन ऐकन? भूत मी होती, मीच सांगतो."

पहिलं घर काजलचं. काजलची आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. मंदाबाई पायरीखालीच उभ्या राहिल्या. रक्षा त्यांच्या मागे, आणि फाटकाशी धनंजय.

मंदाबाईंनी सगळं सांगितलं. पट्टीचं, पूजेचं, चोरून झाकण खोलण्याचं. काजलची आई सूप हातात धरून ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर अजून शंका होती.

तेव्हा मंदाबाई थांबल्या. पुढचं वाक्य त्या घरातही कधी बोलल्या नव्हत्या.

"बाई, माया प्रफुल मेला. तो येत नाई," त्या म्हणाल्या. "तुयी पोरगी पाठव."

काजलच्या आईने सूप बाजूला ठेवलं आणि आत वळून पोरीला हाक मारली.