ओला चेहरा

जिन्याच्या वळणावर दोघं समोरासमोर आले. तिच्या हातात कॅनव्हास, त्याच्या हातात एकावर एक रचलेल्या खुर्च्या. तो बाजूला सरला, ती नेमकी त्याच बाजूला सरली… आणि त्याची बाही चित्रावरून सर्रकन गेली.

"लागलं का काही?" त्याने विचारलं.

तिने आधी चित्राकडे पाहिलं. चित्रातल्या माणसाचे खांदे, हात, बेसिन, नळ, सगळं जागच्या जागी होतं. चेहऱ्याच्या जागी मात्र एक तपकिरी फराटा.

"ओलं होतं?" बाही न्याहाळत तो म्हणाला. वॉटरकलरवाला तो, काल रंगवलेलं आजही ओलं असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण तिला तर ठाऊक होतं! ऑइल सुकायला दिवसच्या दिवस लागतात, तरी काल संध्याकाळी तिने चेहरा पुन्हा रंगवायला घेतला. निमित्त वहिनीचं. चित्र बघून वहिनी सहज म्हणाली होती, "कोण गं हे? फार मन लावून काढलंयस." झालं, हिच्या जिवाला घोर लागला. मग नाक जाड कर, भुवया दाट कर, हनुवटी बदल… कुणालाही ओळखू येऊ नये म्हणून.

कारण तो माणूस हाच होता. चित्रकारांचा गट दर रविवारी या हॉलमध्ये जमायचा. तिच्या टर्पेंटाइनचा वास सगळ्यांना नकोसा, म्हणून तिची जागा शेवटच्या कोपऱ्यात, बेसिनशेजारी. तिथे हा आपला पिवळा मग घेऊन ब्रश धुवायला यायचा आणि बराच वेळ उभाच राहायचा. मनातल्या मनात तिने त्याचं नाव 'नळवाले' ठेवलं होतं. बोलणं कधीच नाही, पण कुठल्या रविवारी तो आला नाही की तिचा रंगच जमायचा नाही.

"कोण होते हे?" त्याने विचारलं.

"कुणी नाही… असंच."

तो वाकून बघू लागला. चित्रातल्या माणसाच्या हातात कान तुटलेला पिवळा मग होता. त्याकडे तो बराच वेळ बघत राहिला, मग "हं" म्हणाला आणि खुर्च्या घेऊन निघून गेला.

तिने कपाळावर हात मारून घेतला. नाक बदललं, हनुवटी बदलली आणि त्याचा मग तस्साच ठेवला! काय वाटलं असेल त्याला? चोरून बघत बसते ही बाई, असंच ना? चित्र उचलून घरी पळावं असं तिला वाटलं. पण आजच्या प्रदर्शनात भिंतीवर मिळालेल्या या जागेसाठी तिने वर्षभर वाट पाहिली होती, आणि गट चालवणाऱ्या मावशींनी तोवर ते स्वतःच्या हाताने टांगलंही.

इथली पद्धत अशी, की चित्रकाराने आपल्या चित्राशेजारी उभं राहायचं आणि लोक विचारतील त्याचं उत्तर द्यायचं. ती उभी राहिली. समोरच्या भिंतीपाशी तो उभा होता आणि एकदाही इकडे बघत नव्हता. तिला रडूच यायचं बाकी होतं.

मावशी चारदोन पाहुण्यांना घेऊन आल्या. "चेहरा का गं नाही याला?"

मुद्दामच नाही काढला, म्हटलं असतं तरी लोकांनी माना डोलावल्या असत्या. पण मग पुढच्या रविवारी त्याच नळापाशी ते खोटं उराशी घेऊन बसायचं?

"होता. पुसला गेला," ती म्हणाली आणि तिने समोर बोट केलं. "यांचा होता."

सगळे वळले. मावशींनी एकदा मगाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"तरीच," त्या म्हणाल्या. "मी म्हणते, वॉटरकलरचे ब्रश एका पाण्यात साफ होतात. हा तासभर तिथे काय धूत असतो?"

त्याचे कान लालबुंद झाले. स्वतःचे ब्रश साबण लावून घासता घासता हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मावशी पाहुण्यांना घेऊन पुढच्या चित्राकडे गेल्या. तो हळूच जवळ आला. "चेहरा… परत काढणार?"

"समोर बसावं लागेल."

"बसेन. वेळ किती लागेल?"

"ऑइल आहे," ती म्हणाली. "पुष्कळ लागेल."

"लागू दे," तो म्हणाला. "मला घाई नसते, हे मावशींनी आत्ताच सगळ्यांना सांगितलंय."