ग्रीस नको लावूस

आमच्या तारोडीत बर्फाचं मशीन बसवायला आलेला प्रणय मला पहिल्यांदा भेटला, तेव्हा मी बाबांच्या शेडमध्ये बोटीच्या इंजिनखाली आडवी होते. बाहेर फक्त माझे पाय दिसत होते. त्या पायांनाच त्याने विचारलं, "दादा, मोठा पाना मिळेल का?"

मी सरकत बाहेर आले. गालावर काळं, केसांत डिझेल. तो बघतच राहिला.

"दादा कुणी नाही इथे," मी म्हटलं. "ताई चालेल?"

"पाना चालेल," तो अडखळला. "ताई... नको."

सगळा घोळ तिथेच झाला. त्यानंतर तो पाना परत द्यायला आला, मग दुसरा मागायला आला, मग उगाचच आला. पावसाळाभर येत राहिला. माझी आई जिजाबाई मासळी विकते. हा राहायला वाटेतच मोरव्याला, तरी संध्याकाळी तिचा क्रेट बाईकवर बांधून घराच्याही पुढे, भाईंदरच्या बाजारात सोडायचा. क्रेटमधलं बर्फाचं खारट पाणी रस्ताभर मागच्या चाकावर ठिबकायचं.

"खाली प्लास्टिक टाक रे," मी म्हणायचे. "सगळं गंजेल."

"तू टाक ना," तो म्हणायचा. "मला नाही नीट जमत."

मी प्लास्टिक अंथरायचे, तो शेजारी उभा राहून हसायचा. आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टिक हरवलेलं असायचं. एवढं सगळं कळत होतं, तरी शब्द मात्र ना त्याच्या तोंडून निघाला, ना माझ्या.

आणि आज तो चालला होता. मशीन सुरू झालं, काम संपलं. कंपनीने त्याची पोरबंदरला बदली केली होती, दोन वर्षांसाठी. घोडबंदरला कंपनीचा ट्रक उभा होता, त्यात बाईक चढवायची आणि अंधार पडायच्या आत निघायचं. आईचा निरोप घ्यायला म्हणून आला, तर आमच्याच वळणावर मागचं चाक बसलं.

पंक्चर काढणं माझ्या डाव्या हातचा मळ. पण चाक निघायला मधला बोल्ट सुटायला हवा, आणि तो नटासकट गंजून एकजीव झाला होता. प्रणयने पाना लावला, जोर केला. पाना सटकला आणि त्याची बोटं सोलवटली.

"इकडे दे हात."

"राहू दे गं. लागलं नाही."

"रक्त येतंय आणि म्हणे लागलं नाही!" मी त्याची बोटं धुतली, फडकं बांधलं. गाठ मारायला जरा जास्तच वेळ लावला. बाहेर काठ्यांवर बोंबील वाळत होते आणि उन्हं खाली येत होती.

मी नटावर डिझेल सोडलं, हातोडीने हलके ठोके दिले. आईने चुलीवरचं उकळतं पाणी आणून दिलं, तेही ओतलं. काही हललं नाही.

"नाही निघणार," तो खाली बसला. "जाऊ दे, चांदणी."

मी खरं सांगते, माझ्या मनात पाप आलं. एक वेडावाकडा झटका दिला असता तर नटाच्या कडा गोल झाल्या असत्या. मग पानाच बसला नसता. ट्रक निघून गेला असता आणि हा आजची रात्र तरी इथेच राहिला असता. पाना माझ्या हातात होता. कुणाला कळलंही नसतं.

पण अडवून ठेवलेलं माणूस मला नको होतं.

"आधी आवळायचा," मी म्हटलं. "एवढासाच. मग सोडायचा. परत आवळायचा."

पान्याच्या दांड्याला लांब पाईप घातला. मी पुढून धरला, त्याने मागून. त्याचा श्वास माझ्या मानेवर येत होता... असा जवळ तो कधीच आला नव्हता, आणि आला तो जायच्या घाईत. थोडं आवळलं, थोडं सोडलं. कट्ट आवाज झाला. नट फिरला.

इतकं वाईट मला कुठल्याच सुटलेल्या बोल्टचं वाटलं नव्हतं.

चाक काढलं, पंक्चर काढलं. बोल्ट तारेच्या ब्रशने घासत बसले. मान वर केली असती तर डोळे दिसले असते.

"घरी सांगितलंय मी," तो एकदम म्हणाला.

"काय?"

"तुझं. आपलं." त्याचा आवाज खाली गेला. "बाबा बोलत नाहीयेत माझ्याशी. कोळ्याची मुलगी घरात नको म्हणतात. ही बदली पण त्यांनीच मागून घ्यायला लावली."

ब्रश माझ्या हातात तसाच राहिला. जे ऐकायला पावसाळाभर कान लावून बसले होते, ते आलं आणि सोबत हे घेऊन आलं.

"आणि तू मागितलीस," मी म्हटलं.

त्याने मान खाली घातली. "आई आजारी पडली गं, चांदणी... मला सुचलंच नाही काही."

मी ग्रीसचा डबा ओढला. जुना बोल्ट परत बसवताना ग्रीस लावायचं, म्हणजे पुन्हा जाम होत नाही. बोट बुडवलं, तसा त्याने माझा मनगटाशी हात धरला.

"ग्रीस नको लावूस."

"का? परत गंजेल."

"गंजू दे. मग तुझ्याकडेच यावं लागेल ना." तो हसायला गेला, पण जमलं नाही.

किती गोड बोलायचा हा! जीव तुटत होता, तरी मला रागच आला.

"प्रणय, तुला यायचं असेल तर बोल्टचं निमित्त कशाला हवं?" मी म्हटलं. "आणि यायचं नसेल, तर बोल्ट गंजून काय उपयोग?"

त्याने हात सोडला.

मी बोल्टला डोक्यापासून टोकापर्यंत ग्रीस फासलं. चाक बसवलं, नट आवळला. तो बाईकवर बसला. मग किक मारली. वळणावर त्याने मागे बघितलं. मी हात वर केला नाही, कारण दोन्ही हात ग्रीसने भरले होते, आणि त्यांनी डोळे पुसताही येत नव्हते.

आई पदराला हात पुसत बाहेर आली.

"निंगाला का गो बोल्ट?"

"निघाला, आई."

"मंग रडतेस कशाला?"