एकशेएकावं पान

खारशेत गावाच्या गणनाघरात शंभर संगणक होते आणि शंभरही भरलेले होते. तरी शलाकाने पहिल्या रांगेवर हात फिरवला तेव्हा ते माठासारखे गार लागले. भरलेला संगणक गार कसा?

हा प्रश्न एरवी तिने उद्यावर ढकलला असता. पण घावन सकाळपासून बेपत्ता होता. घावन म्हणजे तिचा कुत्रा. खाडीतल्या दोन बेटांवर खेकडे हुंगत हिंडायची त्याला खोड होती आणि चारला भरती होती. होडी एकच. गावातल्या आणि बेटांवरच्या सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं तपासली, तर तो कुठल्या बेटावर आहे ते कळणार होतं. त्या तपासणीला तीस संगणक हवे होते.

"क्षमता (एका वेळी जेवढं काम पेलतं तेवढं) संपली," गणनाघर सांभाळणारा यंत्रमानव गणोजी म्हणाला. त्याने विनम्रपणे मान झुकवली. ती परत वर यायला मिनिटभर लागायचं.

"पण हे सगळे झोपलेत, गणोजीकाका."

गणोजीने समजावलं. पंगतीत शंभर पानं मांडली आहेत, प्रत्येक पानावर कुणाचं तरी नाव आहे. जेवतोय एकच माणूस. तरी नव्याला बसवता येत नाही, कारण नाववाला येऊन उभा राहिला तर त्याला काय सांगायचं? याला आरक्षण (वापर होवो न होवो, राखून ठेवलेला वाटा) म्हणतात. राखलेलं वेगळं आणि वापरलेलं वेगळं. मर्यादा मात्र राखलेल्यावर मोजली जाते.

"कुणी राखलेत एवढे?"

गणोजीने यादी वाचली. ग्रामपंचायत, चाळीस, सभेची हजेरी मोजायला. सभेला सात जण येतात. कुडाळकरकाकू, वीस, लोणचं कधी मुरेल ते सांगायला. त्यातला एक चालू. स्वतः गणोजी, दहा, म्हातारपणासाठी.

"लोकांना काही लाज?" शलाका म्हणाली.

"शलाका सुर्वे, तीस," गणोजीने वाचलं. "दिवाळीतलं फटाक्यांचं हलतं चित्र. लागले दोन. अर्जावर शेरा आहे, 'असू देत जास्तीचे.'"

शलाका हळूच म्हणाली, "सोडा माझे."

तीस दिवे लागले. संगणक घूं करू लागले, रांग कोमट झाली. चार वाजायला वीस मिनिटं असताना पडद्यावर चित्र आलं. घावन ताणून झोपला होता. मागे एक मुलगी आणि मान झुकवलेला यंत्रमानव पाठमोरे दिसत होते.

दोघं वळले. शेवटच्या रांगेत, लोणच्याच्या संगणकावर, घावन घोरत होता. सकाळपासून गणनाघरात तेवढा एकच ऊबदार होता. शंभरातला कुठला खरंच काम करतोय, हे कुत्र्याने यादी न वाचता शोधलं होतं.

शलाकाने त्याला उचललं नाही. आधी तिने शोधासाठी घेतलेले तीसही परत केले. मग गणोजीबरोबर बसून नियम लिहिला: लागतील तेवढेच घ्या, वाढवायचे तर तेव्हा मागा, आणि दोन तास गार राहिलेला संगणक आपोआप मोकळा. हा नियम शेजारच्या गावांनीही घेतला, तर सगळी गणनाघरं जोडून एकमेकांचे रिकामे संगणक वापरता येतील, असं गणोजी म्हणाला. तेव्हा शंभराचे हजार होतील, एकही नवा न घेता.

"आणि तुमचे म्हातारपणाचे दहा?"

गणोजीने मान झुकवली. ती वर यायची वाट बघत शलाका घावनशेजारी टेकली. जागा खरंच ऊबदार होती.