पाठीमागे राहिलेली बेल

"बेल आमच्या पोरीनं नीट लावली होती. कुणीतरी ती हलवली. कुणी, एवढंच शोधून द्या, बाई."

पाहुण्या अजून धड टेकल्याही नव्हत्या. पाण्याचे पेले घेऊन आलेले भाऊजी दारातच थबकले. वहिनींच्या पुढच्या खोलीत स्वतःचं रडगाणं घेऊन येणारे पुष्कळ. दुसऱ्याचं दुःख घेऊन आलेलं माणूस विरळा.

वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या आणि हरवलेलं शोधून द्यायचा धंदा त्यांनी मांडला: कधी माणूस, कधी वस्तू, कधी नुसतंच खरं काय ते. भाऊजींची उभी हयात बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेलेली. गळा गोड, मन भाबडं आणि डोकं, वहिनींच्या शब्दांत, "प्रत्येक थांब्यावर थांबणारं."

आलेल्या दोघी नर्स होत्या. बोलत होत्या त्या आयसीयूतल्या जुन्या सिस्टर; सगळं इस्पितळ त्यांना ताई म्हणे. शेजारी मान खाली घालून बसली होती पुरुष वॉर्डातली धाकटी सिस्टर.

"पहिल्यापासून सांग," वहिनी तिला म्हणाल्या.

धाकटीने सांगितलं. टेलरकाका म्हणून एक पेशंट. डावं अंग लुळं, उजवा हात चालता. त्या दुपारी तिने त्यांना डाव्या कुशीवर, दाराकडे तोंड करून निजवलं. पाठीशी उशी लावली. बेलची वायर चिमट्याने चादरीला अडकवली, उजव्या हाताच्या अगदी समोर.

"दाबून बघा म्हटलं. वाजली. काका हसले."

"मग?"

"मग दोनेक तासांनी ताई आल्या. त्यांची ड्यूटी संपली होती. म्हणाल्या, तोंड बघ केवढंसं झालंय, जा, जेवून ये."

"मीच पिटाळली," ताई म्हणाल्या. "या पोरी उभ्याउभ्या घास गिळतात. मी कानीकपाळी ओरडत असते: जेवण चुकवू नका, उचलताना गुडघ्यात वाका, आणि एकटीनं जमत नसेल तर हाक मारा. हाक मारण्यात कसली लाज? ही येईपर्यंत वॉर्ड मी सांभाळला. माझ्यादेखत बेलला कुणी बोट लावलं नाही."

धाकटी परतली तोच शेवटच्या कॉटवर एकाला उलट्या सुरू झाल्या. ती तशीच तिकडे धावली, ताई घरी गेल्या. त्या गडबडीत टेलरकाका कठडा संपतो तिथल्या पायाकडच्या मोकळ्या जागेतून पाय सोडून एकटेच उतरायला गेले आणि पडले. खुबा मोडला. पुढे छातीत कफ भरला, आणि ते गेले.

"बेल त्यांच्या पाठीमागे होती," धाकटी म्हणाली. "मेट्रन म्हणतात, मी हलगर्जीपणा केला. उद्या चौकशी आहे. नोकरी जाईल, परवानाही जाईल." ती थांबली. "ते जाऊ दे. पण आता मलाच वाटायला लागलंय, की मीच मागे लावली असेल."

वहिनींनी चष्मा काढून पुसला. "हे वाटणं सगळ्यात वाईट. चला भाऊजी."

*

वॉर्डात वहिनी कॉटच्या उशाशी उभ्या राहिल्या आणि फळ्यावर नकाशा काढावा तसे हात पसरून म्हणाल्या, "निजलेल्याच्या डाव्या हाताला दार. उजव्या हाताला खिडकी."

"अन् डोक्यावर पंखा," भाऊजींनी भर घातली.

झाडलोट करणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. बेल सापडली होती ती त्यांनाच.

"मी मळके कपडे खाली द्यायला गेले होते. आले तर सगळं होऊन गेलेलं. चादर ओढायला जाते तर वर ही ब्लँकेटची घट्ट गुंडाळी. तिचं शेपूट गादीखाली असं खुपसलेलं, की सोडवताना नाकी नऊ आले. तिच्याखाली बेल."

"कॉटच्या कुठल्या कडेला?"

"ह्या. माझी ट्रॉली लागते त्या." मावशींनी दाराकडची कड थोपटली.

"चिमटा सुटला होता?"

"छे, पक्का होता चादरीला."

"आणि काका?"

"ते पलीकडे, खिडकीखाली." मावशींचा आवाज उतरला. "माझ्यावर आळ घेऊ नका हो बाई."

"घाबरलीय ती," भाऊजी कुजबुजले.

"तुम्ही तिकिटं तपासायला लागलात की तिकीट काढलेलेही घाबरायचे."

शेजारच्या कॉटवर एक ट्रकड्रायव्हर होता. विचारायचा अवकाश, त्याने तोंड सोडलं. "बेल? छळ होता नुसता. पाणी द्या, पडदा सारा, पाणी न्या. वाटायचं, उठून तोडून टाकावी."

भाऊजींनी वहिनींकडे विजयी नजरेने पाहिलं. वहिनींनी बोटाने फक्त ड्रायव्हरचा पाय दाखवला. प्लॅस्टरमधला तो पाय वर टांगलेला होता आणि त्याला वजनं लोंबत होती. भाऊजींची नजर जमिनीला लागली.

ड्रायव्हर जरा वेळाने स्वतःहूनच बोलला. "त्या दुपारी मात्र बेल वाजलीच नाही. मला वाटलं, सुटलो. ताई आल्या होत्या, मायेनं बोलत होत्या म्हाताऱ्याशी. मग त्यांनी कॉटभोवती पडदा ओढला आणि माझा डोळा लागला." त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. "वाजायला हवी होती हो."

*

टेलरकाकांची मुलगी वडिलांच्या दुकानात बसली होती. अर्धवट शिवलेले कपडे ज्याचे त्याला परत द्यायचं काम चालू होतं.

"मी त्या दिवशी सकाळीच निघाले होते. बेल हाताशी ठेवा, असं बजावून. हाक मारणाऱ्यांतले नव्हते बाबा. परक्या मुलींकडे पॉट मागायला त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बेल असली की बोलावं लागत नाही ना."

"नंतर काही बोलले?"

"तापात बरळत होते. म्हणे, त्या दुपारी एक पाखरू चोचीत निळा दोरा घेऊन येत होतं, घरटं शिवत होतं. 'टाका चुकतोय लेकाचा.' बघता बघता लघवीला लागली, बेल चाचपली, सापडली नाही." तिने कात्री मिटली. "माझा राग एकीवरच आहे. जिनं ती पाठीमागे टाकली तिच्यावर."

रस्त्याला लागल्यावर भाऊजींना राहवेना.

"वहिनी, आमच्या बसमध्ये घंटीची दोरी एकाच अंगाला असायची. एखादा उतारू गप्पांच्या नादात पाठ फिरवून उभा राही आणि थांबा आला की हवेत हात मारत बसे, दोरी गेली कुठे म्हणून. अहो, दोरी कुठे जाते?"

वहिनी भर रस्त्यात उभ्या राहिल्या.

"भाऊजी," त्या सावकाश म्हणाल्या, "आज तुमची गाडी मधे कुठेच थांबली नाही."

भाऊजींना ही स्तुती की टोमणा ते कळलं नाही; पण त्यांनी ती ठेवून घेतली.

*

आयसीयूच्या काचेतून ताई दिसत होत्या. बेशुद्ध पेशंटच्या कानाशी वाकून त्या म्हणत होत्या, "चला दादा, कूस बदलू या. पाठीला वारा लागू दे." देव्हाऱ्यातली मूर्ती उचलावी तसं त्यांनी ते जड शरीर अलगद वळवलं. पाठीशी ब्लँकेटची गुंडाळी दाबली आणि तिचं टोक हाताच्या एका फटक्यात गादीखाली सारलं. दोन्ही बाजूंच्या कॉटवर तशाच गुंडाळ्या होत्या.

"सेवा म्हणतात ती ही," भाऊजींचे डोळे भरून आले.

ताई बाहेर आल्या. वहिनींनी विचारलं, "इथे कुठे बेल दिसत नाही?"

"कशाला? आम्ही डोळ्यांत तेल घालून समोरच बसलेल्या. आणि बेल दाबण्याइतकी शुद्ध इथे कुणाला असते?" ताईंनी उत्सुकतेने विचारलं, "सापडला का तो, बेल हलवणारा?"

वहिनींनी काचेतून पुन्हा त्या गुंडाळ्यांकडे पाहिलं. गुंता सुटला की त्यांचा चेहरा उजळतो, हे भाऊजींनी अनेकदा पाहिलं होतं. आज तो विझला.

*

दुसऱ्या दिवशी चौकशीआधी सगळे वॉर्डालगतच्या मेट्रनच्या खोलीत जमले: मेट्रन, मुलगी, धाकटी आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून ताई.

"आपण सगळे विचारत होतो, बेल कुणी हलवली," वहिनी म्हणाल्या. "बेल हललीच नाही. धाकटीने ती दाराकडच्या कडेला लावली. मावशींना सापडली तीही दाराकडच्याच कडेला, चिमटा जसाच्या तसा. हलला तो माणूस."

"म्हणजे?" मेट्रननी विचारलं.

"दाराकडे तोंड असेल तर ती कड समोर येते. खिडकीकडे तोंड केलं की तीच कड पाठीमागे. काका खिडकीकडे तोंड करून होते. पडले तेही खिडकीखाली. त्यांनी खिडकीबाहेर पाखराचं घरटं पाहिलं; दाराकडे तोंड असलेल्याला ते दिसत नाही. तो ताप नव्हता," त्या मुलीकडे वळल्या, "बाबा डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होते."

मुलीने मान वळवून वॉर्डाच्या दिशेने पाहिलं.

"अर्धं अंग लुळं असलेला माणूस आपणहून कूस बदलत नाही. कुणीतरी बदलली. ड्रायव्हर जागचा हलू शकत नव्हता, मावशी खाली होत्या, मुलगी सकाळीच गेलेली, धाकटी जेवायला. आणि जिने बदलली तिला काम येत होतं. आधी आडोशाला पडदा ओढला. धाकटीने लावलेल्या उशीच्या जागी ब्लँकेटची गुंडाळी आली, शेपूट गादीखाली खुपसलेली. ती सवय या वॉर्डातली नाही. तशा गुंडाळ्या मी काल पाहिल्या, जिथे एकाही कॉटला बेल नाही..."

"थांबा, बाई."

ताईंचा हात धाकटीच्या खांद्यावरून केव्हाच खाली आला होता.

"कूस मीच बदलली. वेळ टळून गेली होती, खालचं दबलेलं अंग लाल दिसत होतं. म्हटलं, पोर जेवून येईपर्यंत तेवढं उरकावं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?" मेट्रन म्हणाल्या.

"बोलले असते तर हिनं वेळेवर कूस बदलली नाही, हीही चूक हिच्याच माथी बसली असती. मी हिला वाचवत होते." ताई स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. "आमच्याकडे चादरीवरची वायर मशीनची असते. तिला हात लावायचा नाही, हेच हातांना शिकवलंय. ती बेल माझ्या डोळ्यांसमोर होती, बाई. मला दिसलीच नाही. आणि मी तुमच्या दारात आले, चोर शोधून द्या म्हणून."

धाकटी रडत होती. आपण चुकलो नव्हतो हे तिला कळलं होतं, आणि त्याचा तिला काडीचा आनंद झाला नव्हता.

मुलगी उठली. वॉर्डात जाऊन वडिलांच्या कॉटपलीकडच्या खिडकीशी उभी राहिली. मागोमाग सगळे गेले. बाहेरच्या झाडाच्या बेचक्यात घरटं होतं, काड्यांत निळा दोरा अडकलेला, एक टोक लोंबतं.

"टाका खरंच चुकलाय," ती म्हणाली.

"मुली, माफी मागायला मला तोंड नाही," ताई मागून म्हणाल्या.

"मला आज माफ करता येणार नाही." तो लोंबता दोरा बघत ती पुढे म्हणाली, "पण हे त्यांना दिसलं. तेवढं तुमच्यामुळे."

ताई मेट्रनना म्हणाल्या, "चला. चौकशीत आधी माझं लिहून घ्या." दाराकडे निघालेल्या त्या ड्रायव्हरच्या कॉटपाशी थांबल्या. बेल त्याच्या हाताशीच होती. तरी त्यांनी ती उचलून त्याच्या मुठीत दिली.

"दाबून बघा," त्या म्हणाल्या.

ती वाजली. या वॉर्डात त्या आवाजाला आजवर वैतागलेला ड्रायव्हर अंगठा काढायला विसरला, आणि धाकटी डोळे पुसून, सवयीनेच, त्याच्याकडे धावली.