शेवटच्या घरातलं नाव

शेगडीजवळ सरका रे, आणि मध्ये बोलू नका. ही ऐकीव गोष्ट नाही. किनुए वहिनी आपल्याच गल्लीत राहतात, खोटं वाटलं तर जाऊन विचारा.

गेल्या वर्षीची अठ्ठावीस डिसेंबर. संध्याकाळचे सव्वापाच, पण बाहेर मिट्ट काळोख. वहिनी मासुनोबूच्या छापखान्यात पट आणायला निघाल्या. सुगोरोकूचा पट, आपण नव्या वर्षाला फासा टाकून खेळतो तोच. त्यांच्या नवऱ्यानं, इवाओनं, त्याचे लाकडी ठसे तीन वर्षं खपून कोरले होते. आपल्या गावच्या एकवीस गल्ल्या, पटावर एकवीस घरं. छापणार मासुनोबू, आणि शेवटच्या घरात दोघांची नावं, असं ठरलेलं. इवाओ ऑक्टोबरात गेला. अंत्यविधीला मासुनोबू धाय मोकलून रडला, नाव राहील म्हणाला. पहिली प्रत नवऱ्याच्या फोटोपुढं ठेवायची, एवढंच वहिनींच्या मनात होतं.

पट उलगडला. शेवटच्या घरात एकच नाव. मासुनोबूचं.

त्यांनी ठसा मागितला. त्यानं पुढ्यात ठेवला. इवाओच्या नावाची उठावाची अक्षरं साफ तासून टाकलेली. वहिनींनी बोट फिरवलं. गुळगुळीत. तासलेलं लाकूड परत वर येत नाही. नवा तुकडा बसवता येतो, पण सांधा दिसतोच.

"मेलेल्या माणसाला नाव कशाला, वहिनी?" तो खाली बघून म्हणाला. "मला अजून जगायचंय."

"भावजी, त्यांनी तुम्हाला सख्खा भाऊ मानलं हो."

परक्यानं केलं असतं तर त्या कडाकडा भांडल्या असत्या. इथं त्या तासलेल्या जागेवरून बोट फिरवत राहिल्या.

तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला. इवाओ तिथंच बसून कोरायचा.

टक टक... टक.

दोन हलके, एक जोरात. तीस वर्षं ऐकलेला हात.

"उंदीर असेल..." मासुनोबू म्हणाला.

टक टक... टक.

दोघं उठले. दार सरकवलं. खोली रिकामी. इवाओची हत्यारं फडक्यात बांधलेली, तशीच. आवाज थांबला होता.

मागं वळले...

ठशावर इवाओचं नाव होतं. उठावाचं.

वहिनींनी दिवा जवळ ओढला. शेजारी मासुनोबूचं नाव होतं तसंच होतं. त्याच्यावर साधा ओरखडासुद्धा नव्हता. ते पाहिलं आणि मग मात्र वहिनींना रडू आवरेना.

ठसा आता वहिनींकडे असतो. मी स्वतः उजेडात धरून, बोट फिरवून पाहिलाय.

सांधा नाही.